अकरा दुकानदार आणि एक कॉम्प्युटर

तराजूकाकांच्या दाराला तीन कड्या होत्या, एक साखळी होती आणि बाहेर कोण उभं आहे ते बघायला काचेचं एक भोक होतं. तसं भोक मजल्यावर सगळ्यांच्याच दाराला होतं. पण बाकीचे लोक बेल वाजली की त्यातून बघायचे. काका बेल न वाजताही बघायचे.

माणूस मुळात वाईट नव्हता हो. नोकरीच तशी केलेली. बत्तीस वर्षं वजनमापं तपासत बाजार पालथे घातले. तागडीच्या खाली चिकटवलेलं लोहचुंबक, मापाच्या आत ठोकलेला खोटा तळ, कापड मोजताना गजावरून घसरणारा अंगठा, सगळं बघून झालेलं. त्यामुळे कुणी नुसतं हसून ‘या काका’ म्हटलं तरी यांच्या मनात पहिला प्रश्न, हा का हसतोय? पाठीमागे लोक ‘तराजू’ म्हणायचे, तोंडावर ‘काका’ जोडायचे. हेही त्यांना ठाऊक होतं.

नोकरीतली एक गोष्ट मात्र ते येईल त्याला सांगत. एक नवा तपासनीस एका सकाळी एकाच गल्लीत अकरा दुकानदार पकडून आला. अकराही जणांची वजनं हलकी! पोरगा खुशीत, साहेब खुशीत. काकांनी फक्त विचारलं, “अकरा माणसं एकाच दिवशी लबाड झाली होय रे? आण इकडे तुझं वजन.” सरकारी प्रमाणवजन उलटं केलं, तर तळाशी सील करायच्या लाखेचा हा एवढा गोळा चिकटलेला. मापणाऱ्याचंच वजन जड, मग सगळं जग हलकं भरणार नाही तर काय! “आधी आपलं वजन तपासावं,” असं म्हणून काका गोष्ट संपवत आणि ऐकणाऱ्याकडे संशयाने बघत.

अलीकडे दोनेक वर्षांत मात्र जग जरा जास्तच बिघडलं होतं. लोक पुटपुटायला लागले होते. वाणी भाव सांगताना तोंडातल्या तोंडात बोले, म्हणजे त्याला पुढे नाकबूल करायची सोय. खालच्या मजल्यावरचे दोघे जिन्यात बोलत उभे असत आणि काका जवळ गेले की आवाज खाली जाई. फोनवर तर सगळेच कुजबुजत. घरात काकूसुद्धा स्वयंपाकघरातून काहीतरी अर्धवट बोलायच्या, आणि “काय म्हणालीस?” विचारलं की “काही नाही” म्हणायच्या. बायको ‘काही नाही’ म्हणते तेव्हा काहीतरी असतंच, हे सांगायला तपासनीस कशाला लागतो!

या सगळ्या कुजबुजीच्या मागे कोण आहे, ते काकांनी ठरवून टाकलं होतं. मेहुणा. काकूंचा धाकटा भाऊ. शिवणयंत्रं दुरुस्त करणारा माणूस, हातात सदा एक पेचकस, ओठांवर शीळ, आणि जे दिसेल ते उघडून बघायची खोड. एकोणीस वर्षांपूर्वी त्याने यांचं भिंतीवरचं घड्याळ उघडलं, साफ केलं, परत बसवलं, आणि तो गेल्यावर टेबलाखाली एक स्क्रू सापडला. घड्याळ तेव्हापासून आजपर्यंत एक मिनिट मागे पडलेलं नाही. पण म्हणून काय झालं? स्क्रू उरला तो उरलाच. काकांनी तो औषधाच्या रिकाम्या डबीत घालून, वर तारीख लिहून, कपाटात ठेवला होता.

आणि हा मेहुणा यायचा बुधवारी. बरोब्बर बुधवारीच, कारण बुधवारी दुपारी काका वाचनालयात जात. “मी नसताना त्याला का बोलावतेस?” असं एकदा विचारलं तेव्हा काकू म्हणाल्या होत्या, “तुम्ही असताना त्याला पाणी तरी घशाखाली उतरेल का?” वर हेही म्हणाल्या होत्या, “मला एकच भाऊ आहे. पुराव्याशिवाय त्याला एक शब्द बोललात, तर मी त्याच्याकडे राहायला जाईन.” पुराव्याशिवाय. काकांनी तेवढा शब्द पक्का लक्षात ठेवला.

घरात मोठ्या पडद्याचा फोन काकांनी येऊ दिला नव्हता, तो आपलं बोलणं ऐकतो म्हणून. होता तो एक कॉम्प्युटर, लेकीने परदेशी जाताना बसवून दिलेला. दर रविवारी चार वाजता ती त्यावर दिसायची. आणि एवढं एक बरं होतं की लेक तरी पुटपुटत नसे. मागचे दोन महिने तर ती जे बोले ते तिच्या चेहऱ्याखाली काळ्या पट्टीवर अक्षरांत उमटे. कंपनीने केलेली सुधारणा असणार. पूर्वी तिचं बोलणंही मधेमधे गळायचं, आता शब्द न् शब्द कळत होता.

मागच्या रविवारी ती म्हणाली होती, “बदलीच्या अर्जाचं या आठवड्यात कळेल. झाली तर कायमची घरी, नाही तर इथे आणखी पाच वर्षांची सही. फोनवर नाही सांगणार. पुढच्या रविवारी चारला दोघंही समोर बसा, तुमच्या तोंडाकडे बघत सांगायचंय मला.” पाच वर्षं तर आधीच झाली होती. आणखी पाच म्हणजे काका ऐंशीच्या घरात. त्यांनी ते बोलून दाखवलं नाही, पण त्या दिवसापासून कॉम्प्युटरवरचं फडकं रोज दोनदा बदललं जायला लागलं.

अशा आठवड्यात तो बुधवार उजाडला. काका वाचनालयातून आले तर मेहुणा नुकताच गेलेला. कॉम्प्युटर आपला आपण चालू, आणि पडद्यावर गोल फिरतंय. खाली लिहिलेलं, ‘अपडेट होत आहे. कॉम्प्युटर बंद करू नका.’

बंद करू नका! काकांच्या डोक्याची शीरच उठली. ‘साहेब, ते पोतं उघडू नका’ म्हणणारा दुकानदार त्यांनी आयुष्यात सोडला नव्हता. कुणी हे चालू केलं? यातून काय कुठे चाललंय? आणि नेमकं आत्ताच का बंद करायचं नाही? त्यांनी मागचापुढचा विचार न करता भिंतीतला प्लगच उपटला. पडदा काळा झाला. “सापडला!” काका म्हणाले. कोण सापडला, ते त्यांनाच माहीत.

गुरुवारी सकाळी कॉम्प्युटर सुरू होईना. दिवा लागला, पंखा फिरला, पडदा उजळला आणि परत काळा. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

“तुझ्या भावाने काय केलंय यात?”

“त्याने काही केलेलं नाही,” काकू म्हणाल्या. यावेळी अगदी स्पष्ट म्हणाल्या, जवळ येऊन. “आणि रविवारच्या आत हे चालू झालं पाहिजे. मी त्याला बोलावते.”

“चोराला पंचनाम्याला? अजिबात नाही. दुकानात पण द्यायचं नाही, आतला चांगला भाग काढून घेतात. मी बघतो.”

काकूंनी कपाळावर हात मारून घेतला आणि त्या आत गेल्या. आत जाताना काहीतरी पुटपुटल्या.

आता एक गोष्ट मान्य करायला हवी. काकांना कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नसलं तरी कागद वाचता येत होता. नियम, पोटनियम, तळटीप, काहीही. शुक्रवारी चौथ्यांदा बटण दाबलं तेव्हा त्या यंत्राने कंटाळून म्हणा, स्वतःच एक निळा पडदा समोर धरला. तुम्हाला सुरू करता येत नसेल तर दुरुस्तीची साधनं माझ्या पोटातच आहेत, अशा अर्थाचं काहीतरी. काकांनी भिंग आणलं, एक कोरा कागद घेतला, वर ‘पुरावा’ असं लिहून खाली दुहेरी रेघ मारली आणि वाचायला बसले.

पहिली पाटी होती ‘रिसेट’ची. तिच्यात दोन वाटा. एक सगळं पुसून टाकणारी, दुसरी म्हणे तुमच्या फाइली ठेवून बाकीचं नवं करणारी. “ठेवतो म्हणणाराच आधी नेतो,” काका म्हणाले आणि मागे फिरले. दुसरी पाटी ‘स्टार्टअप रिपेअर’ची. ती निरुपद्रवी दिसली. यंत्राने वीस मिनिटं स्वतःलाच तपासलं आणि दुरुस्ती जमली नाही असं कबूल केलं. काकांना त्याचा जरा आदरच वाटला. बत्तीस वर्षांत इतक्या सरळपणे कुणी कबुली दिली नव्हती.

शनिवारी सकाळी ते तिसऱ्या पाटीवर पोचले. ‘सिस्टम रिस्टोअर’. मागच्या एखाद्या तारखेला यंत्र जसं होतं तसं परत करता येईल, तुमची पत्रं आणि फोटो जागच्या जागी राहतील, फक्त त्या तारखेनंतर बसवलेले प्रोग्रॅम निघून जातील. तीनदा वाचलं. कुठे खोट दिसेना. यंत्राने पासवर्ड मागितला. तो काका दर एक तारखेला बदलत आणि कुठेही लिहून ठेवत नसत. त्यांनी दार लावलं, खिडकीचा पडदा ओढला आणि एकेक अक्षर दाबलं.

समोर यादी आली. तारीख, वेळ, आणि त्या वेळी काय झालं त्याची नोंद.

दोनच ओळी होत्या. वरची याच बुधवारची, अपडेटच्या आधीची. तेवढी निवडली असती तर काम झालं असतं, पुढची गोष्टच घडली नसती. पण काकांची नजर खालच्या ओळीवर खिळली. दोन महिन्यांपूर्वीची तारीख. त्यांनी कॅलेंडर मागे उलटलं. बुधवार! दुपारी चार वाजून वीस मिनिटं! आणि पुढे लिहिलेलं, अमुक एक प्रोग्रॅम बसवला. नाव इंग्रजी, कधी न ऐकलेलं.

बुधवारी चार वीसला काका स्वतः वाचनालयात होते. काकूंना प्रोग्रॅम बसवता येत नव्हता. राहिला कोण? त्यांनी कागदावर तारीख लिहिली, वेळ लिहिली, नाव अक्षरशः चित्रासारखं काढलं, आणि खाली दोनदा रेघ ओढली. एकोणीस वर्षांनी दुसरा स्क्रू सापडला होता.

मग वरच्या ओळीवर थांबून कसं चालेल? ती घेतली तर मेहुण्याने घातलेलं भूत आतच राहणार. रोग मुळापासून काढायचा. काकांनी खालची ओळ निवडली. यंत्राने शेवटचं बजावलं, ‘इथून केलेलं हे काम मागे घेता येणार नाही. पुढे जायचं?’ काकांनी आयुष्यात एवढ्या आनंदाने कशालाच ‘हो’ म्हटलं नव्हतं.

पाऊण तासाने कॉम्प्युटर सुरू झाला. मागे लेकीचा तोच फोटो, तीच चित्रं. काकांनी खुर्चीत मागे रेलून हाक मारली, “अगं, ये! केलं मी. आणि पुरावाही मिळालाय. उद्याचं बोलणं होऊ दे, मग तुझ्या भावाचं बघतो.”

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. पडदा बघून त्यांचा चेहरा एकदम उजळला, मग कागद बघून उतरला. त्या काहीतरी म्हणाल्या. काकांना ते ऐकू आलं नाही. गुन्हेगाराची बहीण, काय म्हणणार!

रविवारी पावणेचारलाच दोघं कॉम्प्युटरसमोर बसले. काकांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. ‘पुरावा’ हातातच होता, घडी करून. चारला लेक दिसली. केस मागे बांधलेले, डोळे मोठे. तिने हात हलवला. ओठ हलले.

काही आलं नाही.

म्हणजे काहीतरी गुणगुणल्यासारखं आलं, पाण्याखालून यावं तसं. काकांनी खाली काळ्या पट्टीकडे बघितलं. पट्टी नव्हती. त्यांनी आवाजाची खूण सरकवत पार टोकाला नेली. काकूंनी दचकून कानांवर हात ठेवले. काकांनी ते बघितलं, पण लेकीचे ओठ भराभर हलत होते आणि त्यातला एक शब्द यांच्या हाताला लागत नव्हता. लेकीने दोन्ही तळवे गालांवर ठेवले. काकूंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. हसतायत की रडतायत? झाली बदली की नाही झाली? पाच वर्षं की नाही पाच वर्षं? काका एका चेहऱ्यावरून दुसऱ्या चेहऱ्याकडे बघत राहिले. दोन्ही चेहरे ओले होते.

काकांनी मान हलवली. न वाचलेल्या कागदावर ज्यांनी कधी सही केली नव्हती, त्यांनी न ऐकलेल्या बोलण्याला मान हलवली.

मग लेक पुढे वाकली. सरळ त्यांच्याकडे बघून तिने काहीतरी विचारलं, आणि थांबली. ती उत्तराची वाट बघत होती. काकांनी कुठल्याही प्रश्नाला चालतं असं आपलं जुनं ऑफिसातलं उत्तर दिलं.

“बघू. विचार करून सांगतो.”

लेकीचा चेहरा बघता बघता पडला. काकू गर्रकन वळल्या. “अहो, काय बोलताय हे!” त्यांनी पडद्याकडे बघितलं, खालच्या रिकाम्या जागेकडे बघितलं, नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं. मग त्यांनी त्यांच्या हातातला कागद ओढून घेतला, पेन्सिल घेतली, आणि त्या पुराव्याच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं.

‘बदली झाली. कायमची येतेय. दोन महिन्यांनी. सुरुवातीला आपल्याकडेच राहिले तर चालेल ना बाबा, असं विचारतेय.’

काकांनी वाचलं. परत वाचलं. मग ते जे ओरडले, ते कॉम्प्युटरशिवायही परदेशी पोचलं असतं. “चालेल काय विचारतेस? अगं घर तुझं आहे! मला ऐकू... लाइन खराब होती!” भिंतीपलीकडून शेजाऱ्यांनी ठोठावलं. लेक हसायला लागली, हसता हसता डोळे पुसायला लागली. पुढची दहा मिनिटं ती बोलली, काकू लिहीत गेल्या आणि काका वाचत गेले.

पडदा बंद झाल्यावर काकांनी तो कागद परत ‘पुरावा’च्या बाजूने उलटा केला.

“तो प्रोग्रॅम,” काका म्हणाले, “तुझ्या भावाने बसवलेला...”

काकू त्यांच्या उजव्या बाजूला सरकल्या, अगदी कानाशी. “बोललेलं लिहून दाखवणारा होता तो. तुमच्यासाठी. लेकीने नाव कळवलं, त्याने बसवला. तुम्ही परत तिच्याशी नीट बोलायला लागलात, म्हणून मी म्हटलं राहू दे, कशाला सांगा.”

म्हणजे दोन महिने काका ऐकत नव्हते. वाचत होते.

“आणि पासवर्ड? पासवर्ड कुणी फोडला?”

“कुणी कशाला फोडतंय? तुम्ही दाबताना एकेक अक्षर मोठ्याने म्हणता. तुम्हाला वाटतं मनात म्हणताय. अख्ख्या मजल्याला पाठ आहे.”

काका बारीक आवाजात, म्हणजे त्यांच्या मते बारीक, म्हणाले, “मला सांगायचं तरी. डॉक्टरकडे गेलो असतो.”

“गेला असता! डॉक्टरने यंत्र कानाला लावलं असतं, तर तुम्ही आधी त्या यंत्राचा दाखला मागितला असता.” काकूंना हसू आलं. “अहो, वाणी पुटपुटतो. खालचे पुटपुटतात. फोन पुटपुटतो. मी पुटपुटते. बेल वाजतच नाही म्हणता. मोजा बरं, अकरा होतात का?”

काकांनी मोजले नाहीत. त्यांना ती गल्ली आठवली, तो पोरगा आठवला, आणि उलट्या केलेल्या वजनाच्या तळाशी लाखेचा तो एवढा गोळा. लाज वाटली त्यांना, अगदी स्वच्छ लाज, आणि त्याहून जास्त भीती वाटली, की आज लेकीला आपण जवळजवळ ‘येऊ नकोस’ म्हणून बसलो होतो.

सोमवारी ते कानाच्या डॉक्टरकडे गेले. (यंत्राचा दाखला मागितला. त्यात बदल व्हायला वेळ लागेल.) मंगळवारी त्यांनी काकूंना भावाला फोन लावायला सांगितलं आणि त्यावर स्वतः बोलले, “उद्या ये. तो प्रोग्रॅम माझ्या हातून गेला. परत बसवायचाय.” पलीकडून काय उत्तर आलं ते काकूंनी सांगितलं, “येतो म्हणाला. आणि रडतोय बहुतेक, मूर्ख.”

बुधवारी काका वाचनालयात गेले नाहीत. तीन वाजताच त्यांनी साखळी काढली, तिन्ही कड्या काढल्या आणि दार सताड उघडून, समोर खुर्ची टाकून बसले. शेजारच्या स्टुलावर औषधाची ती डबी ठेवली होती. जिन्यावरून जाणारे लोक आत डोकावून बघत होते. कुणी मेलंबिलं तर नाही ना, असं त्यांना वाटलं असणार. काकांनी कुणाकडेही वळून बघितलं नाही.

चारच्या सुमाराला मेहुणा उंबऱ्याशी आला. दार उघडं बघून तो गोंधळलाच. आत पाऊल टाकायचं धाडस होईना, तेव्हा सवयीने त्याने बेलवर बोट ठेवलं आणि दाबलं. काकांनी ते बोट बघितलं. दाबताना त्याचं नख पांढरं पडलेलंही त्यांना दिसलं. स्वयंपाकघरातून काकू लगबगीने बाहेर आल्या, म्हणजे बेल वाजली होती.

“नको वाजवूस,” काका उठून उभे राहत म्हणाले. “मला ती ऐकू येत नाही. तू आपला सरळ आत येत जा.”